घरच्या राउटरमधली एकशे चौदा वर्षं

एक गिगाबिट वेगाच्या इथरनेट केबलमधून पूर्ण भरलेलं एक पॅकेट जायला १२.३ मायक्रोसेकंद लागतात. आत १५०० बाइटचा माल, त्याच्या पुढे-मागे पत्त्यांचा आणि तपासणीचा मजकूर, शिवाय दोन पॅकेटांच्या मध्ये सक्तीने सोडायची मोकळी जागा, असे सगळे मिळून १५३८ बाइट. सेकंदाला ८१,२७४ पॅकेटं. तीच पॅकेटं लहानात लहान, म्हणजे ६४ बाइटची असली, तर त्याच केबलमधून सेकंदाला १४,८८,०९५ जातात. केबल दहा गिगाबिटची घेतली की आकडा दीड कोटीला टेकतो.

दोन जीबीचा एखादा सिनेमा उतरवून घेतला, तर साधारण तेरा लाख सत्तर हजार पॅकेटं घरात येतात आणि त्यांची पोच म्हणून जवळजवळ निम्मी उलट्या दिशेला जातात. यातल्या प्रत्येकाला दारातला राउटर अडवतो. पत्ता वाचतो, हे कोणत्या संभाषणातलं पॅकेट आहे ते स्वतःच्या वहीत शोधतो, बाहेरचा पत्ता पुसून घरातला घालतो, पॅकेटवर लिहिलेल्या आयुष्यातून एक वजा करतो आणि पुढे सोडतो. असं वीस लाख वेळा. कपाटावर ठेवलेला तो डबा हे सगळं करताना साधा आवाजही करत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्ष जात नाही.

मायक्रोसेकंद हा शब्द आपण वाचतो, पण तो डोक्यात कुठेच बसत नाही. म्हणून मापपट्टी बदलू. हल्ली हौशी मंडळी घरी राउटर बांधतात तो बहुधा इंटेलच्या एन१०० जातीच्या छोट्या संगणकावर. चार कोअर, नेटवर्कची दोन-चार पोर्टं, आणि वर सॉफ्टवेअर म्हणून ओपनडब्ल्यूआरटी, ओपीएनसेन्स किंवा नुसतं लिनक्स. सगळा डबा दहा वॅट खात असेल तर वर्षाची ८७.६ युनिट वीज. त्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला तीन अब्ज पडतात असं धरू. आता काळ इतका ताणायचा की त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद.

या ताणलेल्या काळात गिगाबिटच्या केबलवरून दर सव्वादहा तासांनी एक पॅकेट येतं. सव्वादहा तास! मेमरीत एक फेरी मारून काही वाचून आणायचं तर तिथे साधारण पाच मिनिटं जातात, म्हणजे दहा-बारा फेऱ्या झाल्या तरी तास संपतो आणि उरलेला दिवस प्रोसेसर रिकामा. पॅकेटं ६४ बाइटची झाली की मात्र एकेका पॅकेटसाठी ३३ मिनिटं मिळतात, सहा फेऱ्यांत वेळ संपली. आणि दहा गिगाबिटच्या केबलवर लहान पॅकेटांचा लोंढा आला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३ मिनिटं २१ सेकंद. मेमरीची एक फेरीसुद्धा पुरी होणार नाही. तरीही असे राउटर चालतात, कारण लिनक्स पॅकेटं एकेक करून उचलतच नाही. नेटवर्क कार्डाने एकदा हाक मारली की एका खेपेला चौसष्टपर्यंत पॅकेटं घेतं, एकाच संभाषणातली लागोपाठची पॅकेटं चिकटवून त्यांचं एक मोठं पॅकेट करतं, कामं चार कोअरमध्ये वाटून देतं. पॅकेटमागचा खर्च असा खाली येतो.

ज्या डब्यापासून ही सगळी परंपरा सुरू झाली, तो लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी. डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. त्यात लिनक्स वापरलंय हे लोकांनी ओळखलं, परवान्यातल्या अटीवर बोट ठेवलं, आणि २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. पहिल्या डब्ल्यूआरटी५४जीमध्ये १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि मेमरी सोळा मेगाबाइट, म्हणजे आज फोनवर काढलेले चार-पाच फोटो त्यात भरून जातील. तो प्रोसेसर आजच्या गिगाबिट केबलला जोडला असता तर त्याच्या वाट्याला एका बाइटमागे नेमका एक ठोका आला असता.

राउटिंगचं काम, म्हणजे पॅकेट कुठल्या दाराने बाहेर काढायचं हे ठरवणं, घरात अगदीच किरकोळ. घरच्या राउटरच्या तक्त्यात तीन-चार ओळी असतात: घरातले पत्ते इकडे, बाकी सगळं जग तिकडे. दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली आणि ऑफिसच्या लॅपटॉपची वाट एकीकडून, टीव्हीची दुसरीकडून काढायची असेल तर दोन तक्ते करायचे आणि कोणत्या यंत्राने कोणता तक्ता वाचायचा याचे नियम लिहायचे. पूर्वी लिनक्समध्ये असे २५६ तक्ते मावायचे. आता तक्त्याचा क्रमांक बत्तीस बिटांचा आहे, म्हणजे ४२९ कोटी. कुणाला लागतात देव जाणे.

याउलट इंटरनेटच्या मधोमध बसलेल्या राउटरला साऱ्या जगाच्या वाटा पाठ असाव्या लागतात. आयपीव्ही४च्या या वाटा आज दहा लाखांच्या घरात आहेत, आणि एका पत्त्याला अनेक ओळी जुळल्या तर त्यातली सर्वांत नेमकी ओळ निवडायची असते, तीही प्रत्येक पॅकेटसाठी नव्याने. १२ ऑगस्ट २०१४ ला ही संख्या ५,२४,२८८च्या पुढे गेली. दोनचा एकोणिसावा घात. अनेक जुन्या, महागड्या राउटरांच्या खास मेमरीत तेवढीच घरं राखलेली होती. त्या दिवशी जगात ठिकठिकाणी इंटरनेट अडखळलं. गंमत अशी, की आठ जीबी मेमरीचा तुमचा घरगुती डबा, त्यावर योग्य ओपन सोर्स प्रोग्रॅम घातला तर, हा सगळा दहा लाखांचा तक्ता आरामात पोटात ठेवू शकतो. केबलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या इंटरनेट कंपनीने तो द्यायला हवा, एवढंच.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे, तर आयपीव्ही६बद्दल सांगतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची नावं एक, दश, शत अशी चढत जाऊन परार्धाला थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आयपीव्ही६ चालू केलेल्या घरातल्या एकाच नेटवर्कला, म्हणजे दोन फोन, एक टीव्ही आणि प्रिंटर यांच्यासाठी, मिळणारे पत्ते १८४ परार्ध. जुन्या आयपीव्ही४चे सगळ्या जगाचे पत्ते मिळून ४२९ कोटी. सेकंदाला १४,८८,०९५च्या गतीने प्रत्येकाचं दार वाजवायचं म्हटलं तर ४८ मिनिटांत जग संपतं. ही नुसती कागदावरची गणितं नाहीत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचा ओपन सोर्स प्रोग्रॅम लिहून एका गिगाबिट जोडणीवरून पाऊण तासात हे करून दाखवलं. नवा राउटर बाहेरच्या जगाला जोडला की काही वेळातच अनोळखी पॅकेटं दारावर येऊन आदळतात ती यामुळेच. फायरवॉल आधी, मग बाकीचं. त्याच गतीने घरातल्या १८४ परार्ध पत्त्यांवर टकटक करत गेलं, तर ३ लाख ९० हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

आणि त्या वहीचं काय, ज्यात राउटर कोणाचं संभाषण कोणाशी चाललंय हे टिपून ठेवतो? जोडलेलं पण गप्प बसलेलं टीसीपी संभाषण मुळातल्या लिनक्सच्या वहीत पाच दिवस राहतं, ४,३२,००० सेकंद. आपल्या ताणलेल्या काळात ही चार कोटी दहा लाख वर्षं होतात. सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे जवळपास त्याच पंगतीतला काळ! ओपनडब्ल्यूआरटीने ही मुदत कमी करून दोन तासांच्या जरा वर आणून ठेवली आहे, ते शहाणपणाचं आहे.

हे आकडे मोठे आहेत, पण आपल्याला त्यांचा त्रास नाही. त्रास देणारा आकडा रांगेत लपलेला असतो.

लिनक्समध्ये इथरनेटच्या बाहेर जाणाऱ्या रांगेची लांबी वर्षानुवर्षं १००० पॅकेटं धरलेली होती. एक हजार पॅकेटं म्हणजे एक कोटी वीस लाख बिट. गिगाबिटच्या केबलवर ही रांग बारा मिलिसेकंदांत ओसरते, कुणाला कळतही नाही. पण पुढे अपलोडचा वेग १० मेगाबिटच असेल तर? तीच रांग ओसरायला १.२ सेकंद. एक मेगाबिट असेल तर बारा सेकंद. घरातल्या कुणी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला लावले, त्यांनी ती रांग काठोकाठ भरली, आणि त्यांच्या मागे तुमच्या व्हिडिओ कॉलचं २०० बाइटचं पॅकेट येऊन उभं राहिलं. ते १.२ सेकंद तिथेच. ताणलेल्या काळात ११४ वर्षं. पणजोबांनी पोस्टात टाकलेलं पत्र पणतवाने फोडावं तसं.

मुंबईहून न्यूयॉर्क सरळ मोजलं तर साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा न्यू जर्सीतल्या मुलीच्या घरापर्यंत तुमचा आवाज जायला समुद्राची वाट जास्तीत जास्त वळणाची धरूनही सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. अर्धं जग ओलांडायला शंभर मिलिसेकंद आणि स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायला बाराशे. या उंबऱ्यावर घालवलेल्या वेळात प्रकाशाने तंतूतून २ लाख ४० हजार किलोमीटर कापले असते, चंद्राच्या वाटेचा अर्ध्याहून अधिक भाग.

या दुखण्याला नाव मिळालं ते जिम गेटिस यांच्यामुळे. एक्स विंडो प्रणालीच्या निर्मात्यांपैकी एक, म्हणजे संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. २०१० मध्ये स्वतःच्या घरून मोठ्या फायली पाठवताना त्यांना दिसलं की पिंगचा वेळ, म्हणजे दूरच्या यंत्राला हाक मारल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, सेकंदापलीकडे जातोय. शोधत गेले तसा जिथे हात लावावा तिथे फुगलेला बफर, म्हणजे पॅकेटं थोपवून धरणारी मेमरी: मोडेममध्ये, राउटरमध्ये, लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये. त्यांनी त्याला बफरब्लोट म्हटलं. मेमरी स्वस्त झाली होती, पॅकेट टाकून देणं हे पाप समजलं जात होतं, म्हणून प्रत्येक कारखान्याने प्रेमाने थोडी जास्त मेमरी घातली होती.

खरं तर हा धोका जॉन नेगल यांनी डिसेंबर १९८५ मध्येच लिहून ठेवला होता. त्यांनी विचारलं, राउटरला अमर्याद मेमरी दिली तर काय होईल? उत्तर थक्क करणारं आहे: ओझं जास्त झालं की रांग वाढत जाते, पॅकेटचं आयुष्य ठरलेलं असतं, ते रांगेतच संपतं, आणि शेवटी सगळीच पॅकेटं वाया जातात. मेमरी अमर्याद आणि पोचलेला माल शून्य. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. चारशे यार्डांचं अंतर! ४० बिटांच्या वेगाने आजचं १५०० बाइटचं एक पॅकेट जायला पाच मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात ते अंतर माणूस पायी कापतो. तिथल्या व्हॅन जेकबसन यांनी यावर जो उपाय शोधला तो आजही प्रत्येक फोनमध्ये चालतो. पाठवणाऱ्याने वेग वाढवत जायचं, पॅकेट हरवलं की समजायचं पुढे गर्दी आहे, आणि हात आखडता घ्यायचा. म्हणजे हरवलेलं पॅकेट हाच गर्दीचा निरोप. फुगलेला बफर पॅकेट हरवू देत नाही, म्हणजे निरोपच अडवून धरतो. पाठवणारा बिचारा खुशाल ओतत राहतो.

इतकं कळल्यावर उपाय उघड वाटतो, की रांग छोटी करा. पण किती छोटी? दहा मेगाबिटला योग्य लांबी गिगाबिटला अपुरी पडते, वायफायचा वेग तर खोलीगणिक बदलतो. याच जेकबसननी कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. मला विचाराल तर गेल्या पंधरा वर्षांत नेटवर्कच्या क्षेत्रात झालेल्या कामांत इतकं देखणं काम क्वचितच झालं असेल. रांगेची लांबी त्यांनी मोजायचीच सोडून दिली. आत येताना प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का मारायचा, बाहेर पडताना बघायचं किती थांबलं. शंभर मिलिसेकंदांच्या अवधीत एकही पॅकेट पाच मिलिसेकंदांच्या आत सुटलं नाही, तर एक पॅकेट टाकून द्यायचं. तरी फरक नाही? पुढचं आणखी शंभर मिलिसेकंदांनी, त्याच्या पुढचं शंभराला दोनच्या वर्गमुळाने भागून येणाऱ्या वेळानंतर, म्हणजे ७०.७ मिलिसेकंदांनी. मग ५७.७. मग ५०. आपल्या ताणलेल्या काळात सांगायचं तर हा पहारेकरी १७४ दिवसांचा उशीर चालवून घेतो आणि साडेनऊ वर्षं नुसता बघत राहतो. सेकंदात लाख पॅकेटं हाताळणाऱ्या यंत्राने एवढा धीर धरावा यातच खरं मर्म आहे, कारण त्याला वाट बघायची असते ती पॅकेटची नव्हे, हजारो किलोमीटर दूर बसलेल्या पाठवणाऱ्याला निरोप पोचून त्याचा वेग उतरण्याची.

याच्या जोडीला एरिक ड्युमाझे यांनी लिनक्समध्ये रांगेचेच तुकडे केले. एफक्यू-कोडेलमध्ये एकाऐवजी १०२४ रांगा असतात, प्रत्येक संभाषण गणिती सूत्राने त्यातल्या एकीत पडतं आणि राउटर सगळ्यांना आळीपाळीने सोडतो. फोटोंची हजार पॅकेटं स्वतःच्या रांगेत उभी राहोत बापडी. कॉलचं सेकंदाला पन्नास पॅकेटांचं चिमुकलं संभाषण वेगळ्या रांगेतून ताबडतोब निघून जातं. १०२४ रांगा भरपूर वाटतात ना? पण चाळीसही संभाषणं व्हायच्या आत त्यातली कुठली तरी दोन एकाच रांगेत पडण्याची शक्यता निम्म्यावर जाते. एक बऱ्यापैकी सजलेलं वेबपान एवढी संभाषणं सहज उघडतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलेल्या ‘केक’ने रांगांची मांडणी आठ-आठच्या गटांत करून ही टक्कर जवळपास नाहीशी केली, शिवाय घरातल्या यंत्रायंत्रांमध्येही समान वाटणी आणली. या सगळ्यामागे वर्षानुवर्षं लकडा लावून बसलेला माणूस म्हणजे डेव्ह टाट. १ एप्रिल २०२५ ला ते गेले. जगातल्या अक्षरशः कोट्यवधी यंत्रांत त्यांच्या चळवळीचा कोड आज चालू आहे आणि वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचं नाव माहीत आहे.

पण एवढं सगळं बसवूनही एक अडचण उरते. रांग बरेचदा तुमच्या राउटरमध्ये साचतच नाही. ती साचते त्याच्या पुढच्या, कंपनीच्या डब्यात, जिथे वेग खरोखर कमी होतो. तिथे तुमचा हात पोचत नाही. म्हणून ट्रॅफिक शेपिंग: आपल्या राउटरने मुद्दाम किंचित हळू चालायचं. १०० मेगाबिटच्या जोडणीवर पूर्ण पॅकेट १२३ मायक्रोसेकंद घेतं. केकला एका ओळीत ९५ मेगाबिट सांगितलं की तो दर १२९.५ मायक्रोसेकंदांनी एक सोडतो. साडेसहा मायक्रोसेकंदांची फट. ताणलेल्या काळात सव्वाचार दिवसांच्या खेपेमागे साडेपाच तास. या एवढ्याशा फटीमुळे कंपनीच्या डब्यात रांग उभीच राहत नाही, ती तुमच्या डब्यात येते, आणि तिथे कोडेल बसलेला असतो. येणाऱ्या बाजूलाही हेच करता येतं. ऐकायला विचित्र वाटतं, कारण पॅकेट तर कधीच घरात पोचलेलं असतं. पण आत घेतलेलं पॅकेट खोट्या दारातून फिरवून त्यातलं एखादं टाकलं की दूरचा सर्व्हर वेग उतरवतो. इथे मात्र फट थोडी मोठी ठेवावी, ८५ ते ९० टक्के.

पाच टक्के वेग स्वतःहून सोडून द्यायचा ही कल्पना पुष्कळांना पचत नाही. पैसे शंभरचे मोजले, पंचाण्णव का घ्यायचे? म्हणून लोक दोनशेचा प्लॅन घेतात आणि कॉल पूर्वीसारखाच तुटत राहतो.

हा सगळा खटाटोप प्रत्येकाने करावा असं नाही. गिगाबिटची जोडणी असेल आणि घरात दोन माणसं असतील, तर रांग भरायलाच कष्ट पडतील. शेपिंगला प्रोसेसरची ताकदही लागते. स्वस्त राउटर गिगाबिटचा जो वेग दाखवतात तो बरेचदा प्रोसेसरला वळसा घालून, हार्डवेअरच्या आडवाटेने. शेपिंग चालू केलं की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडे जातं आणि वेग धाडकन खाली येतो. आणि त्रास वायफायच्या रांगेत असेल तर केबलवरच्या शेपिंगने तो जात नाही.

तेव्हा पुढचा मोठा प्लॅन घेण्याआधी एक करा. एका खिडकीत पिंग चालू ठेवा, दुसरीकडे एखादी मोठी फाइल चढवायला लावा आणि मिलिसेकंदांचा आकडा बघत बसा. दहा-वीसचा तीस-चाळीस झाला तर काही करू नका. पाचशेच्या वर गेला, तर पैसे प्लॅनवर घालू नका. शेपिंग जमणारा राउटर घ्या किंवा घरीच बांधा, वेग ९५ टक्क्यांवर बांधून पुन्हा मोजा, आणि आकडा खाली बसेपर्यंत एकेक टक्का उतरवत जा.